काडी, नग एक

ही पत्रं तारखेप्रमाणे लावून, प्रत्येकाच्या कोपऱ्यात आकडा घालून देतो आहे. माझी पत्रं ताईनं जपून ठेवली होती. तिची माझ्याकडे होती, उशीच्या अभ्र्यात. तपासाच्या साहेबांनी मागितली म्हणून एकत्र केली.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याचा घोटाळा होईल. आमच्या कारखान्याच्या गेटवर पेन ड्राइव्हला ‘काडी’ म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये खुपसायची, आतलं सगळं उतरवून घ्यायची ती काडी. हे मी ताईला कधी समजावून लिहिलं नाही.

हे अक्षर डाव्या हाताचं आहे, म्हणून असं. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे.

१

३ जानेवारी

ताई,

सुखरूप पोचलो आणि कामावर रुजूही झालो. आम्ही गेटवाले आवारातच राहतो. गेटच्या आत डावीकडे खोली आहे, तीन खाटा, एक खिडकी, तिला जाळी. फोन पहिल्याच दिवशी जमा केला. आता रविवारी पाच मिनिटं मिळेल, तोही वस्ताद शेजारी उभे असताना. वस्ताद म्हणजे गेटवरचे मुख्य. त्यांची मान माझ्या मांडीएवढी आहे, आणि ते हळू बोलतात. हळू बोलतात म्हणून जास्त भीती वाटते.

भिंतीवर अकरा कलमांची पाटी आहे. फोन, कॅमेरा, काडी, कागद, असं काहीही आत आणायला आणि बाहेर न्यायला मनाई. पाटीवर ‘झडती’तली ‘ती’ ऱ्हस्व होती, ती मी रंग आणून दीर्घ केली. ते बघून वस्तादांनी गेटवरच्या नोंदींचं आणि जप्तीचं रजिस्टर माझ्याकडे दिलं. आधीच्या माणसानं त्यात एकाच वस्तूचं नाव सहा प्रकारे लिहिलं होतं. मी विचारलं, यातलं बरोबर कोणतं? वस्ताद म्हणाले, “काडी लिही. दोन अक्षरं. चुकायला जागा नाही.” तेव्हापासून मी ‘काडी, नग एक’ असं लिहितो.

सापडलेली काडी पाकिटात घालायची, वर तारीख आणि नाव लिहायचं, पाकीट पत्र्याच्या डब्यात टाकायचं. महिनाअखेरीला मोठे साहेब येतात, डबा उघडतात, रजिस्टरशी मोजणी जुळवतात.

पाटीवर पत्राचं नाव नाही. मी वस्तादांना विचारलं, पत्रं फोडून बघायची का? ते हसले. म्हणाले, “अरे, पत्र लिहितंय कोण आता? लग्नपत्रिका सोडून मी दहा वर्षांत पाकीट बघितलं नाही. लिही तू तुझ्या ताईला रामायण.” तेव्हा मोकळेपणानं लिहितो, तरी अगदी सगळं लिहीत नाही. आज हसले, उद्याचं काय सांगावं.

भाऊजी ठीक आहेत. ते आत कॅमेऱ्यांच्या खोलीत बसतात, कारखानाभरचं रेकॉर्डिंग त्यांच्या ताब्यात. राहतात गेटबाहेर कंपनीच्या खोल्यांत, पण फोनचा नियम त्यांनाही तोच. एका आवारात दोन नातेवाईक चालत नाहीत, म्हणून त्यांनी मला बजावलं आहे की ओळख दाखवायची नाही. रोज संध्याकाळी मी त्यांच्या खिशांवरून हात फिरवतो. ते म्हणतात, “झालं का साहेब, की बनियन काढू?” मला हसू पण येतं आणि घाम पण येतो.

खोलीची कडी नीट लागत नाही. मी रात्रीतून दोनदा उठून बघतो.

तुझा,
धाकटा

२

११ जानेवारी

टिंब्या,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, हा नववीत शाळा सोडलेलाच ना, की मास्तरांकडून लिहून आणलं? मी सांगितलं, हा पाचवीत असताना शेजारच्या पोरांच्या वहीतली टिंबं दुरुस्त करून मार खायचा, म्हणून तर नाव टिंब्या पडलं.

इथे शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. मशीनवर बसून पाठीचा कणा शिवणीसारखा वाकडा झाला. बाकी ठीक.

काळजी यांची आहे. जायच्या आधी डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला होता, तो या माणसानं मला दाखवलाच नाही. कपाटात सापडला. मी परवा नेऊन विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बाई, आणखी वर्षभर धूर ओढला तर मग मला विचारू नका. तुमच्या गेटवर इतकी कडक झडती आहे हे वाचून मला किती बरं वाटलं. आता तरी यांचं सुटेल.

तू त्यांच्यावर नजर ठेव. ते लपवण्यात हुशार आहेत, तू शोधण्यात. जोडी बरी जमली.

कडी लागत नसेल तर आतून खुर्ची लाव आणि झोप.

ताई

३

१९ जानेवारी

ताई,

हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवू नकोस.

सात नंबरच्या प्रेसवर एक जण होता. पत्र्याला ठोका देऊन आकार देणारं मोठं मशीन, त्याला प्रेस म्हणतात. तो येता-जाता शीळ घालायचा म्हणून त्याला सगळे शीळवाला म्हणत. परवा सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आतून आवाज आला. मला आधी वाटलं, तो शीळच घालतोय. मग ती थांबेना.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत प्रेसखाली गेले होते. मशीनच्या तोंडाशी एक तार असते, हात आत गेला की तिच्यामुळे मशीन जागच्या जागी थांबतं. ती तार काढलेली होती. कोणी काढली, का काढली, ते लोक कुजबुजतात. तार असली की काम हळू होतं.

तो चाळीस मिनिटं जिवंत होता. प्रेस वर उचलायला दोन मिनिटं पुरतात, असं फिटर म्हणाला. आवाज गेटपर्यंत येत होता. शेवटी शेवटी तो फक्त “आता बास, आता बास” एवढंच म्हणत होता, कोणाला तरी समजावल्यासारखं. रुग्णवाहिका पंधरा मिनिटांत गेटवर आली. मी किल्ली घेऊन उठलो. वस्तादांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, “आतलं आवरू दे.” त्यांच्या बाहीवर रक्त होतं. ते परत आत गेले. बाहेर रुग्णवाहिकेचा माणूस गेटवर मुठी आपटत होता, मी किल्ली हातात धरून उभा होतो.

मी रजिस्टरात लिहिलं होतं: रुग्णवाहिका आली १०.३५, गेट उघडलं ११.०२. संध्याकाळी वस्तादांनी ते वाचलं. म्हणाले, “आली अकराला.” मी खाडाखोड केली नाही. पान काढून नवं लिहिलं. सगळी अक्षरं आधीसारखीच आली, एक आकडा सोडून.

त्याच्या बायकोला सांगितलं आहे की तार त्यानंच काढली होती, चुकी त्याचीच.

भाऊजींनी त्या संध्याकाळी झडतीला हात वर केले, ते मी ‘झालं’ म्हटल्यावरही खाली घेतले नाहीत.

धाकटा

४

२७ जानेवारी

टिंब्या,

दोन दिवस मशीनला हात लावला नाही. ती खालीवर होणारी सुई बघवेना.

त्या बाईचं काय झालं? पदरात मूल आहे का? आपला माणूस आपल्याच चुकीनं मेला असं मानून तिनं जन्म काढायचा का? हे रविवारी फोनवर ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलले. मी म्हटलं, कोणी उभं आहे का शेजारी? तर म्हणाले, “बरं.”

आणि तू. चुकीचं टिंब दिसलं की तुझ्या हाताला खाज सुटायची. त्या पानावर तू अकरा लिहिलंस कसं, हे मला कळत नाही. रागावत नाही. नुसतं कळत नाही.

ताई

५

४ फेब्रुवारी

ताई,

तू रागावली आहेस. मला कळतं. आता आणखी ऐक, मग ठरव.

सोमवारी फिटरजवळ काडी सापडली. चाळिशीचा माणूस आहे, बुटाच्या टाचेत ठेवली होती. मी शोधली. बूट उचलताना एक टाच सैल लागली. तो मला हळूच म्हणाला, “घरचंच आहे, बाकी काही नाही.” मी वस्तादांकडे बघितलं, आणि त्यांनी माझं बघणं बघितलं.

त्याला हत्यारांच्या खोलीत नेलं. तिथे टेबलाला लोखंडी शिकंजा बसवलेला असतो, काम करताना लोखंड पकडून ठेवायला. त्याला व्हाइस म्हणतात. वस्तादांनी त्याची बोटं त्यात ठेवली आणि दांडा फिरवला. हळू, पाण्याचा नळ फिरवावा तसा. विचारत होते, “कोणाला देणार होतास?” तो कोणालाच देणार नव्हता, तो काय सांगणार. दुसऱ्या बोटाला हाड मोडल्याचा आवाज आला. सुकलेली फांदी मोडल्यासारखा येत नाही तो, ताई, ओला येतो. तिसऱ्याला त्यानं माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर धरून उभा होतो. मला नोंदीसाठी उभं केलं होतं.

मी लिहिलं, ‘हाताला किरकोळ इजा.’ किरकोळ बरोबर लिहिलं.

नंतर वस्ताद हात धुताना म्हणाले, “काडी आणणाऱ्याची बोटं जातील. काडी सोडणाऱ्याचे दोन्ही हात.” टॉवेल माझ्या खांद्यावर टाकून गेले.

आता विचारायचं आहे ते. भाऊजींच्या खिशात येत्या शुक्रवारी नाही, त्याच्या पुढच्या, तेरा तारखेला पाळी सुटताना काडी असणार आहे. संडासात दोन मिनिटं भेटले तेव्हा सांगितलं. म्हणाले, “डाव्या खिशावरून हात वरवर फिरव. बाकी तुला काही माहीत नाही.” तुला कळवू नको असंही म्हणाले. पण मी तुला विचारल्याशिवाय आजवर काही केलं नाही. यापेक्षा पत्रात लिहीत नाही.

तू सांगशील तसं करीन. बारा तारखेच्या आत उत्तर पाठव.

धाकटा

६

९ फेब्रुवारी

टिंब्या,

त्या फिटरचं वाचलं. एवढ्याशा गोष्टीसाठी माणसाची बोटं मोडतात, ही कसली जागा आहे? दोघांनी मिळून दुसरीकडे काम बघा, मी गंभीरपणे सांगते आहे.

आणि यांचं काय सांगावं. एवढं सगळं डोळ्यांनी बघून काडी खिशात घेऊन फिरणार? आणि मेहुण्याला सांगणार, हात वरवर फिरव? डॉक्टर काय म्हणाले ते मी तुला लिहिलंय. काडेपेटी संपेस्तोवर हा माणूस ओढणार, आणि मग मी इथे गणवेश शिवत बसणार.

तू भिडेला बळी पडू नकोस. खिशात काडी सापडली की सोडू नकोस. सगळ्यांसमोर काढून घे. चारचौघांत मान खाली गेली की अक्कल येईल. वस्ताद बोलला तर बोलू दे, वयानं मोठ्या, संसारी माणसाला काडीसाठी काय मारतो तो? एक दिवसाचा दंड करील. मी यांना रविवारी फोनवर सांगीन की तुला मीच सांगितलं होतं, शिव्या मला द्या.

ताई

७

१६ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोचेपर्यंत तुला कारखान्याचा निरोप गेला असेल. भाऊजी शहरातल्या मोठ्या इस्पितळात आहेत. शुद्धीवर आहेत.

शुक्रवारी पाळी सुटताना मी झडती घेतली. डाव्या खिशात काडी होती. तू लिहिलंस तसं मी ती सगळ्यांसमोर काढून घेतली. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं आणि हात खाली घेतले.

पुढे हत्यारांच्या खोलीत विचारपूस झाली. उजव्या हाताची तीन बोटं, डाव्या बाजूच्या बरगड्या आणि जबडा यांना मार लागला आहे. काडी पाकिटात घालून डब्यात ठेवली आहे. मोजणी अठ्ठावीस तारखेला आहे. तोपर्यंत आम्हा गेटवाल्यांची रजा बंद आहे, म्हणून मला इस्पितळात येता येत नाही.

तू ये. येताना गरम कपडे आण.

धाकटा

८

२१ फेब्रुवारी, इस्पितळातून

तुला ‘टिंब्या’ लिहायला हात होत नाही.

जबडा तारांनी बांधलाय. नळीनं पातळ भरवतात. एक डोळा अजून उघडत नाही. लघवीतून रक्त जातंय. नर्स म्हणाली, बाई, यांच्यावरून गाडी गेली का? तू लिहितोस ‘मार लागला’. मार पावसासारखा वरून लागतो का? कोणी लावला ते वाक्यात असतं, हे तुला कोणी शिकवलं नाही?

मी पाटी-पेन्सिल आणून दिली. डाव्या हातानं लिहितात, अर्धं मला लागत नाही. मी विचारलं, बिडीसाठी मारलं तुम्हाला? यांनी लिहिलं, कसली बिडी. मी म्हटलं, काडी होती ना खिशात. मग त्यांनी सगळं लिहिलं, पाटी सात वेळा पुसून.

त्या काडीत शीळवाल्याचं मरण होतं. कॅमेऱ्यानं टिपलेलं. साहेबाच्या सांगण्यावरून तार आठवड्यापूर्वी काढली होती, तेही त्यात आहे. आणि तो माणूस प्रेसखाली ओरडत असताना वस्ताद आणि सुपरवायझर आधी तार परत जोडत बसले, मग तिची टोकं तोडली, त्यानं तोडल्यासारखी दिसावी म्हणून. चाळीस मिनिटं त्याला गेली. हे ती काडी त्याच्या बायकोला देणार होते.

मी काडेपेटीची काडी समजले. शिकलेली नाही, माझं चुकलं, ते मी जन्मभर उगाळीन. पण तू? तू माझं पत्र किती वेळा वाचलंस? मी त्यात ‘काडेपेटी’ लिहिलं आहे. ‘ओढणार’ लिहिलं आहे. माझ्या पत्रातलं एक टिंब तुझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हे दोन शब्द सुटले?

आणखी एक. बोटं वस्तादनं मोडली हे यांनी लिहिलं. बरगड्या त्यानंच लाथांनी मोडल्या हेही लिहिलं. जबडा कोणी मोडला विचारलं की हे पाटी पालथी घालतात.

मला उत्तर हवंय.

९

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं होतं, बारा तारखेला, संडासात बसून. ‘काडेपेटी’ पहिल्याच वेळी दिसली. तुझ्या जानेवारीच्या पत्रावरूनच मला शंका आली होती की तू काडी म्हणजे भलतंच समजली आहेस. तेव्हा हसलो होतो. पुढच्या पत्रात सांगू म्हटलं, आणि राहून गेलं.

बाराला हसू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. फिटरच्या बोटांचा आवाज माझ्या कानातून जात नव्हता आणि वस्तादांनी सोडणाऱ्याचे दोन्ही हात सांगितले होते. तू लिहिलं होतंस, सोडू नकोस. शब्द तुझे होते, अक्षर तुझं होतं. अर्थ मी माझ्या सोयीचा घेतला. तुझं चुकलं नाही. मला चूक हवी होती, ती तुझ्या पत्रात सापडली.

आता जबड्याचं.

वस्तादांना संशय आला होता. मी काडी काढली तेव्हा भाऊजींनी शिवी दिली नाही, झटापट केली नाही, म्हणून. बोटं झाल्यावर त्यांनी भाऊजींना विचारलं, “हा पोरगा तुझा कोण लागतो?” भाऊजी म्हणाले, “कोणी नाही. नवीन आहे.” मग वस्तादांनी मला पाण्याच्या पाइपचा दीड हात तुकडा दिला आणि म्हणाले, “कोणी नाही ना? मग हाण.” मी पाठीवर मारला. वस्ताद म्हणाले, “आई जेवू घालत नाही का? नीट हाण.” मी डोळे मिटून मारला. भाऊजींनी त्याच वेळी मान वळवली होती. डोळे उघडले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला सरकलेलं होतं, आणि माझ्या बुटावर दोन दात होते.

जबडा मी मोडला. वाक्यात कोण ते आता लिहिलं आहे.

दात मी उचलून ठेवले आहेत. का, ते मला सांगता येत नाही.

या पाकिटात कापसात गुंडाळून काडी आहे. तीच. काल डबा स्वच्छ करायला मिळाला तेव्हा काढली. ती त्या बाईला नेऊन दे, आणि लवकर दे. अठ्ठावीसला सकाळी मोठे साहेब डबा उघडणार आहेत. काडीत काय आहे ते वस्तादांना माहीत नाही, त्यांना मशीनच्या नकाशांची चोरी वाटते. साहेबांना बघितल्याबरोबर कळेल, आणि मग ते कॅमेऱ्यांच्या खोलीतलं मूळ रेकॉर्डिंगही ठेवणार नाहीत आणि भाऊजींनाही.

जप्तीच्या पाकिटात मी स्वयंपाकघरातली एक काडी घातली आहे. तुझ्या अर्थाची. म्हणजे रजिस्टराप्रमाणे मोजणी बरोबर आहे.

पत्र नेहमीप्रमाणे गेटवरच्या पेटीत टाकतो. टपालवाला आला की वस्तादांच्या समोरून जाईल. ते मला बघून म्हणतील, चाललं का रामायण.

धाकटा

१०

२६ फेब्रुवारी, इस्पितळातून

टिंब्या,

पत्र मिळालं. काडी मिळाली. कापूस उलगडताना ती निसटून खाटेखाली गेली, रांगत जाऊन शोधली.

शीळवाल्याची बायको दोन बसथांबे पलीकडे राहते. गेले. तिला मूल आहे, अडीच वर्षांचं, ते आताच शीळ घालायला बघतंय, नुसती फुंकर येते. तिनं वकिलाकडे बसून सगळं बघितलं. मी बाहेर थांबले. ती आली आणि म्हणाली, “तार त्यांनी नव्हती काढली.” एवढंच तीनदा म्हणाली. मग जिन्यात बसली.

वकिलानं आजच कागद केले. तपासाचे लोक अठ्ठावीसला दुपारी कारखान्यावर येणार. सकाळी जमणार नाही म्हणाले, सही करणारा साहेब दुपारी येतो. मी पाया पडले तरी दुपारच म्हणाले.

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. पाइपचंही. यांनी पाटी मागितली. लिहिलं, ‘त्याला सांग पहिला हळू होता.’

हे यांचं झालं. माझं वेगळं आहे. मी तुला माफ केलेलं नाही. कधी करीन ते सांगता येत नाही, मनाला विचारलं तर ते आत्ता नाही म्हणतं. पण तू माझ्या पाठीवर वाढलेला आहेस आणि मला तुझी बोटं पण माहीत आहेत, पेन्सिल किती घट्ट धरतोस ते माहीत आहे.

गेटची किल्ली तुझ्याकडे असते. सकाळच्या मोजणीआधी गेट उघड आणि बाहेर पड. रजिस्टर, डबा, सगळं तिथेच टाक. इस्पितळात येऊ नकोस, तिथे आधी शोधतील. त्या बाईकडे जा. पत्ता मागे लिहिला आहे.

हे पत्र वेळेत पोचू दे.

ताई

शेवटची पुरवणी

पत्र वेळेत पोचलं होतं. सत्तावीसच्या दुपारीच मिळालं. किल्ली माझ्याकडे होती. पत्ता मी पाठ केला, पत्त्याचा तेवढा कोपरा फाडून खाल्ला, आणि गेलो नाही. मी पळालो असतो तर वस्तादांनी डबा तेव्हाच उघडला असता, भाऊजींपर्यंत पोचायला त्यांना अर्धा तास लागला असता, आणि रेकॉर्डिंग पुसायला दहा मिनिटं. दुपारपर्यंत कोणीतरी त्यांना हत्यारांच्या खोलीत गुंतवून ठेवायला हवं होतं.

अठ्ठावीसला साडेनऊला साहेब आले. पाकिटं एकेक करून फोडली. तेरा तारखेचं फोडलं तेव्हा काडी टेबलावर पडली, लाल गुलाची. साहेबांनी ती दोन बोटांत धरून विचारलं, “हे काय आहे?” मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि म्हटलं, “काडी, नग एक.”

सकाळचं पान मी आधीच लिहून ठेवलं होतं. ते रजिस्टरात आहे, उजव्या हाताचं आहे, तपासून बघावं. त्याच पानाच्या खाली सतरा जानेवारीची रुग्णवाहिकेची वेळही पुन्हा लिहिली आहे, १०.३५, आणि फिटरच्या नोंदीतलं ‘किरकोळ’ खोडलं आहे. आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड केली.

मग व्हाइस. वस्ताद हळूच बोलत होते, नेहमीसारखे. “कोणी सोडली बाहेर?” मी म्हटलं, मी. खोटं वाटलं असावं त्यांना, माझ्यासारखा माणूस. त्यांनी दांडा फिरवला आणि पुन्हा तेच विचारलं. अंगठा सगळ्यांत शेवटी घेतला, तोपर्यंत दुपार झाली होती आणि बाहेर गेटवर कोणीतरी मुठी आपटायला लागलं होतं.

पाच वेळा विचारलं. उत्तर मी बदललं नाही.